वरून आलेला नकार

आमच्या गावातल्या बायकांनी केलेला एक ठराव मी दाबला, हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि सरपंच तर तीच होती.

जागा महिला राखीव निघाली म्हणून मीच तिला उभं केलं होतं. एकलहऱ्याच्या वीज प्लँटमधली माझी पाळी सुटली की मी ग्रामपंचायतीत जाऊन बसायचो आणि ती टोमॅटो खुडायला जायची. पहिलं वर्ष असंच गेलं. मग महिला सभा आली. एरवी ती नुसत्या सह्या घेऊन कागदावरच उरकायची. हिने खरोखर देवळात बायका जमवल्या. प्रत्येक घराच्या उताऱ्यावर नवऱ्याबरोबर बायकोचंही नाव लावायचं, असं त्यांनी ठरवलं. ग्रामसभेपुढे विषय ठेवायचा तेवढा बाकी होता.

सकाळी चहाच्या टपरीवर एकाने विचारलं, "घर वहिनींच्या नावावर करताय म्हणे. मिशीचं काय ठरलं, भाऊ?"

सगळे हसले. मीही हसलो. तिथून उठलो तो थेट ग्रामसेवकाकडे गेलो, आणि तो विषय घेऊ नका म्हणालो. त्यांनी एवढंच विचारलं, मॅडमना काय सांगायचं? ते मी बघतो, म्हटलं.

नियमात बसत नाही, वरून नकार आलाय, असं तिला सांगितलं. तिने कागद मागितला नाही. "तुम्ही स्वतः बघितलंय ना?" म्हणाली. मी मान डोलावली. मग दारोदार जाऊन बायकांची माफी तिनेच मागितली. सरपंच होऊन तू तरी काय केलंस, हेही तिनेच ऐकून घेतलं.

मागच्या वर्षी गल्लीतल्या एका गुलाबवालीचा नवरा वारला. उताऱ्यावर तुझं नाव दाखव, म्हणत दिराने तिला मुलीसकट बाहेर काढलं. ती आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. बायको तिला म्हणाली, "मीच कमी पडले गं."

मी बाहेरच्या खोलीत पेपर धरून बसलो होतो. उठलो नाही.

आमच्या घराच्या उताऱ्यावर अजून माझं एकट्याचं नाव आहे. ते बदलायला एक अर्ज पुरेल. पण नकार वरून आला नव्हता, तो माझा होता, हे बायकोला आणि त्या गुलाबवालीला समोर बसवून सांगणं अजून बाकी आहे.