निरंक टेकडी

वाशीमच्या आमच्या कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या गृहस्थांचा लाडका शब्द ‘निरंक’. चहात साखर? निरंक. घरी पाहुणे? निरंक. रस्त्यांच्या मुरुमासाठी कुणी टेकडी मागितली, की ‘झाडे, पाणी, पशुपक्षी’ या रकान्यातही ते खुर्चीवरून न उठता तोच शब्द लिहीत, आणि टेकडी खुशाल खोदली जाई.

रिठदच्या वाटेवरची टेकडी मात्र त्यांना स्वतः पाहून यावी लागली. परतले ते धापा टाकत, पायाला कुसळे, अंगाला रानतुळशीचा वास आणि डोक्यावर टोपी नाही.

“टिटवीनं पयवलं न मॅडम! तिच्या अंड्याईजवळच मी डबा खायले बसलो होतो.”

मग रकाना भरू लागला. पळस, हिवर, कातळाआडचा थंड झरा, ठिपक्यांची चार अंडी. जागा पुरेना, तेव्हा त्यांनी पुरवणी जोडली.

साहेब वैतागले. “आजच सही करायची आहे मला. एवढं काय लिहिलंय? तुमची हरकत आहे का?”

“माही निरंक, साहेब,” उघड्या टकलावरून हात फिरवत ते अदबीने म्हणाले, “टिटवीची हाये.”