आप्पांचं गाऱ्हाणं

गिरगावात वकिली करायची, तीही मृत्युपत्रांची, म्हणजे किस्से शोधावे लागत नाहीत. ते आपणहून जिना चढून येतात. वर चहाही मागतात!

*

शिवाजी पार्कचे एक रिटायर्ड प्रोफेसर. मुलाशी वाजलं की तडक ऑफिसात. "वकीलबाई, त्याचं नाव काढा!" मग मुलगा ताजी सुरमई घेऊन घरी यायचा आणि मला काकांचा फोन, "घाला परत!"

चौथ्यांदा आले तेव्हा मी वैतागून विचारलं, "काका, पेन्सिलनं लिहू का?"

"चालेल?" काका एकदम खूश!

*

परळचा एक तरुण तावातावानं आला. "मॅडम, वडलांनी मृत्युपत्रातून मला कट केलंय. चॅलेंज करायचंय. आजच!"

"कधी वारले?"

"वारले कुठे? बाहेर बसलेत. मीच धरून आणलं, त्यांना जिना चढवत नाही."

"अरे बाबा, ते असेपर्यंत त्या कागदाला काही अर्थ नाही. थांबावं लागेल."

बाहेरून आवाज आला, "थांब रे, मला कसलीच घाई नाही!"

*

लालबागच्या सुनंदाचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. तिनं जातीबाहेर लग्न केलेलं. तिचे वडील, आप्पा, गेल्यावर भावानं, सुधीरनं, मृत्युपत्र पुढे केलं. सगळं मुलाला, आणि खाली, 'मुलगी मला मेली.'

"मॅडम, आप्पा चिडले होते, मान्य. पण मेली असं लिहितील?" एवढं बोलून ती ढसाढसा रडली. मी म्हटलं, लढायचं!

मृत्युपत्रावर तारीख गणेश चतुर्थीची. दिवस चांगला, म्हणून टाकली असणार! सुधीरच्या साक्षीदारानं कोर्टात छातीठोक सांगितलं, "त्या दुपारी आप्पांनी लालबागच्या घरी माझ्यासमोर सही केली."

मी उडालेच. आप्पांसारखा कणकवलीकडचा माणूस आणि चतुर्थीला मुंबईत? अहो, तेव्हा सगळे गावी, निम्म्या चाळीला कुलपं असतात!

*

आम्ही गावच्या शेजाऱ्यांना, भिकूकाकांना, साक्षीला आणलं. "साहेब, आप्पा त्या दिवशी गावाक होते. सुधीर पण होतो. आरती झाल्यार आप्पांनीच गाऱ्हाणा घातल्यानी."

आमच्या कोकणात घरातला मोठा माणूस असा देवापुढे सगळ्यांसाठी मागणं मागतो आणि बाकीचे मोठ्यानं होकार भरतात.

सुधीरचे वकील हसले. "एवढ्या वर्षांनी ते गाऱ्हाणं आठवतं तुम्हाला?"

"न आठवाक काय झाला?" काकांनी पिंजऱ्यातच चपला काढल्या, हात जोडले आणि डोळे मिटून सुरू केलं, "बा देवा गणपती म्हाराजा! माझो झील सुधीर, माझा चेडू सुनंदा, माझो जावई, तेची पोरा, जी कोण मुंबैक आसत, तेंका सगळ्यांका सुखी ठेव रे म्हाराजा!"

मागच्या बाकावरून सुधीरचा खणखणीत आवाज आला, "व्हय म्हाराजा!"