बकुळाचं बोट

बकुळाला कुणी घाबरट म्हणालं तर त्याची मी सालटी काढीन. वरळी कोळीवाड्यातली पोर ती. तिची आई, गुणवंतीमावशी, लोअर परळला गिरणीच्या गेटाबाहेर मासळी विकायची. संप झाला तेव्हा बकुळा रांगत होती. गिरणीच बंद, तर मासे घेणार कोण? मावशीने पाटी डोक्यावर घेतली, दारोदार फिरली आणि पोरीला शिकवलं. माझे बाबा त्याच संपात घरी बसलेले, म्हणून आमचं दोघींचं जमलं. परळच्या एका हॉस्पिटलात आम्ही एकदमच नर्सिंगला लागलो. कोळीवाड्यात मावशी जो भेटेल त्याला सांगायची, "माझी पोरगी शिस्टर होनार."

बकुळाची एक खोड होती. काही टोचलं, कापलं की बोट थेट तोंडात. त्यांच्या घरात मासे साफ करताना काटा लागला की तेच करायचे. रक्त चोखायचं, थुंकायचं, पुन्हा कामाला. लहान पोराला लागलं तर आई चोखणार. आमच्या ट्यूटर पद्मजा सिस्टर वर्गात ओरडून थकल्या. "बकुळा, हा वॉर्ड आहे, मासळीबाजार नाही!" ही आपली खी खी हसायची.

त्या शनिवारी तिने एका पेशंटचं रक्त काढलं. वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही, हे आम्हाला पाठ होतं. पण सुया टाकायचा डबा वॉर्डच्या पार त्या टोकाला, आणि उघडी सुई घेऊन चाललं की सगळे अंगावर ओरडणार. म्हणून सगळ्याच जणी लावायचो. हातमोजे त्या दिवशी संपलेले. टोपण हुकलं, सुई बोटात गेली आणि बोट तोंडात गेलं. मी शेजारच्या खाटेपाशीच होते.

"अगं ए भवाने, थुंक! नळाखाली धर हात!"

"ओरडू नको ना, कमल. काय नाय झालं."

"आधी सिस्टरना सांग."

"नाव कापतील माझं. सोमवारी सांगते, बस?"

सुई टोचलेल्या मुलीला ट्रेनिंगमधून काढतात, असं सीनियर मुलींनी उठवून दिलेलं. खरं-खोटं देव जाणे, पण सगळ्यांची फाटायची. मी रात्रीपर्यंत तिच्या मागे लागले. ढिम्म हलली नाही.

रविवारी आम्ही दोघी तिच्या घरी जेवायला गेलो. मावशी शिंगाळे साफ करत होती. त्या माशाचा काटा फार वाईट. बकुळा म्हणाली, "ऊठ आय, मी करते," आणि बसल्या बसल्याच काटा घुसला. बोटातून भळाभळा रक्त. सवयीने हात तोंडाकडे गेला, पण मध्येच थांबला. ती नुसती बोटाकडे बघत राहिली.

"काय गो, बघत काय बसलीस?" म्हणत मावशीने तिचा हात ओढला आणि बोट स्वतःच्या तोंडात घातलं.

आई गं! बकुळा अशी किंचाळली की शेजारचे दारात आले. तिने मावशीला ढकललं. मावशी भिंतीवर आपटली, मासे सगळीकडे उडाले. "थुंक! थुंक आय!" म्हणत ही तिच्या तोंडाला तांब्या लावतेय, आणि मावशी म्हणतेय, "अगो, येड लागलं काय तुला?"

"त्या पेशंटला एड्स आहे," बकुळा म्हणाली.

मी तिचा दंड धरला. "तुला माहीत होतं?"

"कालच. सुई लागल्यावर फाईल बघितली मी."

म्हणजे ही बया रात्रभर हॉस्टेलात माझ्या शेजारच्या खाटेवर ते पोटात घेऊन झोपली होती! मला तिला बडवावंसं वाटलं आणि रडूही आलं. टॅक्सीत बसलो तेव्हा मावशीच्या पायात चपलासुद्धा नव्हत्या.

पद्मजा सिस्टर क्वार्टरमध्येच होत्या. बकुळाने दारातच त्यांचे पाय धरले. "सिस्टर, माझ्या आयला वाचवा."

सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "आईला काही होत नाही. एका दिवसात तुझ्या रक्तातून ते दुसऱ्याला जात नाही. आता तुझं बघू. उशीर केलास, पण अजून वेळ आहे, गोळ्या आत्ता सुरू करू. आणि नाव कोण कापणार होतं गं तुझं? काल का नाही आलीस?"

"काल फक्त माझं होतं ना, सिस्टर."

पद्मजा सिस्टर खुर्चीत बसल्या. मग उठून गोळ्यांसाठी फोन लावला. मावशी कोपऱ्यात उभी राहून सगळं ऐकत होती.

महिनाभर गोळ्या. पोरीने काय उलट्या काढल्या! भात बघितला तरी पळायची. मग रक्ततपासण्या, आणि मधले दिवस नुसता जीव टांगणीला. तेवढ्या काळात मावशीने त्या दिवसाचा एका शब्दाने विषय काढला नाही. डबा आणायची, समोर बसून खायला लावायची, जायची.

शेवटचा रिपोर्ट आला. काही नाही. सुटली! मी बाकावरच रडायला लागले. मावशी उठली, बकुळासमोर उभी राहिली आणि तिच्या कानाखाली सणसणीत दिली.

"फक्त तुझं म्हणालीस ना गो? मग मी कोनाची?"

मग तिथेच फरशीवर बसून, तिचं ते बोट दोन्ही हातांत धरून, मावशी मोठ्याने रडली.