मोरचुदाचा फवारा

फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यावर संभाजीरावांनी शहराबाहेर मुरारच्या पुढे लिंबांची बाग लावली. राहायचे शहरात, कंपू भागात, पण जीव सगळा बागेत. सुरुवातीला झाडं छान चालली, मग खैऱ्या रोग आला. पानांवर, फळांवर खरखरीत तपकिरी खपल्या. असलं लिंबू मंडईत कोणी हातात धरत नाही. संभाजीराव निळा मोरचूद आणि चुन्याचं पाणी फवारायचे. रोग तेवढ्यापुरता दबायचा आणि पुन्हा डोकं वर काढायचा.

सून गरिमा वनस्पतिशास्त्र शिकलेली. ती म्हणाली, "बाबा, या वेळी मला करू द्या. हा रोग जंतूंचा आहे. पानांवर आपण चांगले जंतू आधीच वसवले, तर या वाईटांना पाय ठेवायला जागा राहत नाही. फक्त एक, मोरचूद मारायचा नाही. उससे तो अच्छेवाले भी मर जाएँगे."

"दिला शब्द," संभाजीराव म्हणाले.

गरिमानं जंतूंची भुकटी पाण्यात कालवून ऊन उतरल्यावर सगळ्या बागेवर फवारली. शेजारच्या बागेच्या विजयाबाईंनाही तिनं पाकिटं दिली. थोड्या दिवसांनी या, फरक बघा, असं आसपासच्या बागवाल्यांना सांगून ठेवलं.

मधे ती माहेरी गेली. पाऊस लागून राहिला होता, आणि कोवळ्या पालवीवर संभाजीरावांना चार-दोन नव्या खपल्या दिसल्या. जंतूंनी आजारी पडलेल्या झाडावर आणखी जंतू, हे त्यांच्या गळी कधी उतरलंच नव्हतं. दाल बाजारातून मोरचूद आणला, पाठीवर पंप घेतला आणि ओळीनं सगळी झाडं फवारली. परत येताना वाटलं, सांगायची गरजच काय? बाग सुधारली तर नाव तिचंच होणार.

पण लागोपाठच्या पावसानं मोरचूद धुऊन गेला. चांगले जंतू आधीच मेलेले. खैऱ्यानं बाग धरली.

गरिमा परतल्यावर, बोलावल्याप्रमाणे बागवाले आले. कोणी फांदी वाकवून बघितली, कोणी गालातल्या गालात हसलं. विजयाबाई म्हणाल्या, "पोरी, पुस्तकातलं पुस्तकात बरं असतं." गरिमानं एक पान तोडलं, उलटसुलट केलं, क्षणभर सासऱ्यांकडे पाहिलं. मग सगळ्यांना म्हणाली, "माझंच चुकलं. फवारणीची वेळ साधली नाही."

संभाजीराव तिथेच उभे होते.

संध्याकाळी जेवायला बसल्यावर संभाजीरावांनी ताट बाजूला सारलं. "गरिमा, मी..."

"माहीत आहे बाबा," ती पोळी वाढत म्हणाली. "पानांच्या देठाशी निळे डाग होते."

"मग सांगितलं का नाहीस?"

"इतक्या लोकांत तुमची मान खाली गेली असती."

तिनं चारचौघांत सुनावलं असतं तर त्यांनी सहन केलं असतं. हे मात्र सहन होईना. आयुष्यभर शिपायांना शब्दाची किंमत शिकवणारा माणूस सुनेच्या आडोशाला उभा राहून वाचला होता.

सकाळी ते विजयाबाईंकडे गेले. ओट्यावर दोघे-तिघे बागवाले चहा घेत होते. संभाजीराव बसले नाहीत. "काल सून खोटं बोलली. मोरचूद मी मारला, तिच्या माघारी. जंतू मीच मारले."

विजयाबाई हळूच म्हणाल्या, "मी तर कालच तिची पाकिटं उकिरड्यावर टाकली, संभाजीराव. आता तिच्याकडं परत मागायला कुठल्या तोंडानं जाऊ?"

"मागायला मी जातो," ते म्हणाले.

पुढच्या हंगामात गरिमानं पुन्हा फवारणी केली, दोन्ही बागांत. खैऱ्या पुरता गेला नाही, पण बरीच फळं स्वच्छ निघाली. बागवाले विचारायला येऊ लागले. गरिमा समजावत असे, आणि संभाजीराव तेवढ्यात पाण्याचा पाट बघायच्या निमित्तानं उठून पलीकडे जात. ती त्यांना कधी टोचून बोलली नाही. तरी ती "बाबा" म्हणाली की त्यांची नजर आधी जमिनीवर जाई.