मामूंच्या खिडकीचे लाल फडके

अर्जदार : तहसीलसमोर बसून लोकांचे अर्ज लिहिणारा मी, राहणार जाफराबाद. विषय : आमच्या गल्लीतील घड्याळवाले मामू, आता मयत. घटना : गेल्या दिवाळीनंतरची. साक्षीदार : समोरच्या सुभद्राबाई, शेजारचा किसन टेलर आणि उर्वरित सर्व गल्ली.

सदर मामूंच्या उजव्या डोळ्यावर कायम भिंग असे. घड्याळदुरुस्तीचे दुकान बंद झाले, तरी भिंग उतरले नाही; पुढे ते त्यातून फुले पाहू लागले. लांबलांबच्या शौकिनांकडून मागवलेली मांसल, जाड पानांची झाडे त्यांनी फुटक्या कपांत आणि तेलाच्या डब्यांत लावली होती. एक झाड हुबेहूब गारगोटीसारखे. त्याच्या चिरेतून वर्षातून एकदा पिवळे फूल निघे. दुसऱ्याचे फूल तिळाएवढे. ते दाखवताना मामू भिंग आपल्या डोळ्यावरून काढून आपल्या हाताने पाहुण्याच्या डोळ्यावर बसवीत. "श्वास धरा. हल्लं की दिसत न्हाई." माझ्यासारख्या कामाच्या माणसानेही श्वास धरून त्या तिळात पाच पाकळ्या पाहिल्या आहेत.

त्यांचा जीव मात्र खिडकीतल्या एका झाडावर होता. पाने नाहीत, नुसत्या बोटांसारख्या हिरव्या कांड्या. फूल चांदणीच्या आकाराचे, तपकिरी, केसाळ. आणि त्याला मेलेल्या जनावराचा वास. सुभद्राबाई नाकाला पदर लावून विचारीत, "मामू, लोक मोगरा लावतेत. तुम्ही हे काय लावून राह्यले?"

"बाई, मोगरा सगळ्यांचा हाये. ह्याला फक्त माशी पायजे. तिला आवडंल तसं नटून बसतंय बिचारं."

पत्नी वारल्यापासून मामू एकटेच होते आणि कानाने अधू. एकदा त्या झाडाला एकदम चार-पाच फुले आली. गल्लीत वास सुटला, दार आतून बंद, हाकांना उत्तर नाही. सर्वांनी मनोमन मामूंना मयत ठरवले आणि किसनने पहारीने दार उचकटले. मामू भिंग लावून फुलासमोर बसले होते.

"मामू, जिते हो का?" किसनने विचारले.

"मी हाये रे, पण दार गेलं ना. आता तुझ्याच कापडाचा पडदा शिवून दे बराबर."

यावर तोडगा म्हणून करारनामा झाला. मसुदा माझा. फूल उमलले की मामूंनी खिडकीच्या गजाला लाल फडके बांधावे. फडके असेपर्यंत वासाबाबत कोणी तक्रार करू नये. फूल मिटताच फडके सोडावे. सही करताना मामू म्हणाले, "दोन-तीन दिवसांचा पाहुणा हाये. तेवढं सोसा." सर्वांनी सह्या केल्या.

पुढे ते फडके गल्लीच्या सवयीचे झाले. ते दिसले की किसन ओरडे, "मामू, आज कोण गेलं?" आतून उत्तर येई, "तुझं नाक, बाबा."

गेल्या दिवाळीनंतर फडके लागले. किसनने नेहमीप्रमाणे विचारले. उत्तर आले नाही. कानाने कमीच ऐकतात, असे म्हणून तो मशीनवर बसला. वास वाढत गेला, तशा आम्ही खिडक्या लावून घेतल्या. सुभद्राबाई म्हणाल्या, "यंदा लई फुलं आलीत वाटतं." मामू फोन उचलीनात म्हणून आठवड्याने त्यांची मुलगी परभणीहून आली, तेव्हा दार दुसऱ्यांदा उचकटावे लागले. मामू खिडकीशी खुर्चीत होते, भिंग डोळ्यावर. समोरचे फूल केव्हाच मिटून, सुकून काळे पडले होते. फूल एकच होते.

जाताना मुलगी मला म्हणाली, "चाचा, हे झाड माझ्याच्यानं नेववत न्हाई अन् फेकवत बी न्हाई." म्हणून ते माझ्या ओसरीवर आहे. गल्लीचे म्हणणे असे की, या झाडानेच आम्हाला फसवले, सबब ते उकिरड्यावर टाकावे. त्याला आता नवी कळी आली आहे.

तरी विनंती की, झाडावर ठपका ठेवू नये. ते आपल्या वेळेवर फुलले आणि आपल्या वेळेवर मिटले. फूल दोन-तीन दिवसांचे असते, हे सह्या करणाऱ्या आम्हा सर्वांस ठाऊक होते. मग आठवडाभर त्या फडक्याखालून येता-जाता आम्ही काय समजत होतो, याचा खुलासा मिळावा.