गरम पाण्याचा टब आणि शिळं पाणी

दुकानात दोन गोष्टी ऑर्डर न देता येतात, धूळ आणि किस्से. धूळ माझा दीर सुनील रोज सकाळी फडकं मारून घालवतो. किस्से कोण झटकणार? ते साठतच जातात. नाशकात द्वारकेला आमचं नळ, बेसिन, टाइल्सचं दुकान आहे. मग सुनीलच्या डोक्यात गरम पाण्याचे टब विकायचं खूळ शिरलं आणि आमची चांदी झाली. विक्रीत नाही हो, किस्स्यांत!

मी त्याला म्हटलं होतं, अरे, नाशिककर गिझरचं बटण बंद केलंय का ते बघायला जिन्यातून परत वर जातो, तो टब कशाला घेईल? तर म्हणाला, "वहिनी, थंडी पडू दे."

*

थंडी पडायच्या आधीच बोरसेसाहेब आले. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले, सगळी नोकरी बॉयलरपाशी गेलेली. आले ते थेट टबाखाली वाकून पाइप बघायला लागले. मला वाटलं, इन्स्पेक्शन आलं.

त्यांच्या मंदाकाकूंना संधिवात. थंडीत बोटं अशी आखडायची की मूठ वळायची नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं, बारा महिने रोज गरम पाण्यात बसा. मुलगी लांब बेंगलोरला, घरात दोघंच. त्यामुळे साहेबांना टब हवा होता तो परवडणारा, वीज कमी खाणारा आणि त्यांना एकट्याला साफ करता येईल असा. काकूंनी मात्र जाहीर करून टाकलं होतं की हे पैसेवाल्यांचे चाळे आहेत, मी त्यात पाय घालणार नाही.

"ताई, हिची मूठ वळली की मी जिंकलो," साहेब म्हणाले. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. ते जवळजवळ दिवाळी होईपर्यंत बसलेच, म्हणा. रोज येणार, चहा पिणार, चौकशी करणार.

*

गिऱ्हाइकाला नीट दिसावं म्हणून सुनीलने शोरूममधला टब पाण्याने भरून ठेवला. निळा दिवा, बुडबुडे, सगळा थाट. एक आजी साधा नळ घ्यायला आल्या होत्या. त्यांनी जाता जाता पाण्यात बोटं बुडवली, डोळ्यांना लावली आणि एक नाणं सोडलं.

झालं! गोदेकाठची माणसं आम्ही, साचलेलं पाणी दिसलं की हात जोडतो. त्या दिवशी दुकानात आलेला जो तो नाणं टाकून गेला. पंपात नाणी अडकायला लागली तेव्हा सुनीलने पाटी लावली, "कृपया पाण्यात पैसे टाकू नयेत."

दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ पाटी वाचून काउंटरवर आले आणि मला अदबीनं विचारते झाले, मग दानपेटी कुठे ठेवलीय?

*

पिंपळगाव बसवंतचे एक द्राक्ष बागायतदार आले. मोठा टब त्यांच्या मनात भरला. सुनील म्हणाला, यात सहा जण बसतात.

"सहा म्हंजे कोणते सहा?" ते म्हणाले. "कंपनीचे सहा का आमच्या घरातले सहा?"

प्रश्न रास्त होता. रविवारी ते आख्खं घर घेऊन आले. आम्ही टब रिकामा केला. सगळ्यांनी चपला ओळीनं काढल्या आणि कपड्यांनिशी आत उतरून कोरडे बसले. मध्ये त्यांची आई. बाहेर लोक काचेला नाक लावून बघत होते, एक रिक्षावाला तर रिक्षा थांबवून.

तेवढ्यात आईंना पाठीशी टेकू बरा लागला आणि त्यांना गाढ झोप लागली. बागायतदार चवड्यांवर बाहेर आले आणि माझ्या कानात म्हणाले, "असू द्या ताई. आईला घरी लय दिवस झाले, झोपच लागत नाय." आणि बाकीचे सगळे रसवंतीवर निघून गेले! मी तासभर गिऱ्हाइकांशी कुजबुजत बोलत होते.

टब त्यांनी घेतला नाही. असा टेकू असलेली खुर्ची कुठे मिळेल तेवढं विचारून गेले. बोरसेसाहेबांनी मात्र त्यातून धडा घेतला. सहा जणांचा टब म्हणजे सहा जणांचं पाणी तापवायचं, माणसं दोन असली तरी. आपण आपला दोघांचाच घ्यावा.

*

गंगापूर रोडच्या एका घरातून तक्रार आली, लाइटबिल भरमसाट आलं म्हणून. सुनील बघून आला आणि डोकं धरून बसला. त्या घरातल्या आजी रोज सकाळी टबातलं सगळं पाणी बागेत सोडून द्यायच्या आणि नवं भरायला लावायच्या. पिण्याचं पाणी आपण रोज ओतून नवं भरतो, तसंच.

मी फोन करून समजावलं. आजी, यात औषध असतं, फिल्टर असतो, वर झाकण असतं, पाणी तीन-तीन महिने चांगलं राहतं.

"तीन महिन्यांचं शिळं पाणी?" आजी म्हणाल्या. "तुमच्या घरी बसता तुम्ही असं?"

आमच्या घरी टबच नाही. मी फोन बोरसेसाहेबांकडे दिला. साहेबांनी शांतपणे सांगितलं की टब अंघोळीसाठी नसतोच. आधी बाथरूममध्ये स्वच्छ अंघोळ करायची, मग टबात बसायचं, म्हणजे पाणी खराब होत नाही. पलीकडून आजींनी काहीतरी विचारलं आणि साहेबांनी फोन ठेवला.

आजी म्हणाल्या होत्या, "अंघोळ झाल्यावर परत पाण्यात कोण बसतं, म्हैस?"

*

नरकचतुर्दशीची पहाट. दारात पणती लावतेय तोवर सुनीलचा मोबाइल सुरू झाला. टबाचं पाणी फिरत नाही. लगेच दुसरा फोन, मोटर आवाज करतेय. मग तिसरा. सुनील ओल्या डोक्याने निघाला.

आमच्या गिऱ्हाइकांनी तीळतेल चोपडून, उटणं लावून अख्ख्या कुटुंबासकट टबात अभ्यंगस्नान केलं होतं! फिल्टरमधून सुगंधी चिखल निघाला. सुनीलची दिवाळीची सकाळ फिल्टर धुण्यात गेली, पण फराळ प्रत्येक घरी झाला, त्यामुळे तो फारसा चिडला नव्हता.

हे ऐकून साहेबांचा निर्णय पक्का झाला. फिल्टर हाताने निघणारा हवा, पाना न लावता. घरातल्या साध्या प्लगवर चालणारा हवा. आणि झाकण जाड हवं. त्यांनी दुकानातल्या एकेका टबात पाणी तापवून घेतलं, झाकण लावलं आणि त्यावर तळहात ठेवून चहा संपेपर्यंत बसून राहिले. "झाकण वरून गार लागलं पाहिजे," ते मला म्हणाले. "गरम लागलं म्हणजे तुमची वीज आभाळात चालली."

एकाचं झाकण गार लागलं. तो दोघांचा छोटा टब त्यांच्या जेलरोडच्या घरी मागच्या पडवीत बसला.

*

आता काकू. टब आला तरी काकू बसेनात. साहेब रोज एकटेच बसून दाखवायचे. शेवटी त्यांनी मला बोलावलं, बाईमाणसाचं ऐकेल म्हणून. मी गेले, पुष्कळ सांगितलं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच अट घातली.

"जन्मभर ह्यांच्यानंतर अंघोळ केली मी. टबात आधी मी बसणार."

साहेबांनी लगेच मान्य केलं, आणि काकू उतरल्या.

त्यानंतर ऐन थंडीत मी सहज चौकशीला गेले. निफाडचा पारा तेव्हा रोज पेपरात होता. दार साहेबांनी उघडलं, हात पिठाने भरलेले. काकूंची बोटं आखडली तेव्हापासून भाकऱ्या तेच थापतात. तोंड पडलेलं होतं.

"ताई, रोज बसते, न चुकता बसते. पण मूठ काही वळत नाही म्हणते," ते म्हणाले. "मी टब चुकीचा निवडला का हो?" त्यांचे डोळे भरून आले. एवढ्या भल्या माणसाला आपण नुसतीच आशा विकली, असं मला वाटलं.

मी मागे पडवीत गेले. काकू पाण्यात बसलेल्या, गाऊन घालून, छातीपर्यंत. काठावर ताटात शेवंती. काकूंचं माहेर मखमलाबादकडचं, फुलशेतीवाल्यांचं. त्यांची बोटं सपासप चालत होती. फूल, दोरा, गाठ, फूल, दोरा, गाठ. हातभर वेणी तयार होऊन ताटाबाहेर लोंबत होती.

मला बघून त्या हसल्या. तेवढ्यात आतून साहेबांची चाहूल लागली. काकूंनी वेणी माझ्या पर्समध्ये कोंबली आणि दोन्ही हात पाण्याखाली घातले.

"अहो," त्या कण्हत म्हणाल्या, "आज तर जास्तच आखडलीत. भाकऱ्या झाल्या का?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. काकूंनीही माझ्याकडे बघितलं.

"टब अगदी बरोबर निवडलाय, साहेब," मी म्हटलं. "फक्त उन्हाळ्यापर्यंत दम धरा."