नुसतं बसू देणाऱ्या सेलिन टीचर

सेलिन टीचरांची आणि माझी पहिली भेट माजिवड्याच्या समाजमंदिराच्या जिन्यात झाली. माझी धाकटी बहीण सुनंदा मनाच्या मोठ्या आजारातून नुकती उठली होती. डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत ती दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. कुणीतरी सुचवले म्हणून मी तिला टीचर तिथे अशा माणसांसाठी चालवत त्या केंद्रात घेऊन गेलो आणि विचारले, "ही इथे काय करेल?"

"काही नाही. बसेल," टीचर म्हणाल्या. "अकराला चहा होतो. वाटलं तर पिईल."

सुनंदा वर्षभर नुसती बसली. मग एके दिवशी आपणहून उठून तिने सगळ्यांचे कप विसळले. आज ती कोपरला एका पाळणाघरात काम करते. मी मात्र केंद्र चालवणाऱ्या मंडळात अडकलो तो अडकलोच, पुढे कार्यवाह झालो.

टीचर ठाण्याच्या जुन्या ख्रिस्ती वस्तीतल्या. शाळेत भूगोल शिकवत. मनाने आजारी असलेल्या त्यांच्या थोरल्या भावाला घरच्यांनी आयुष्यभर मागच्या खोलीत ठेवले होते आणि तो तिथेच गेला. निवृत्त होताच टीचरांनी हे केंद्र काढले. आपल्यासमोर शिजलेले नसेल तर तिथे येणारे एक गृहस्थ घास घेत नसत. टीचरांनी स्टोव्ह आणला आणि तीन वर्षे रोज त्यांच्यासमोर भात लावला. याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत. मी पाहिले म्हणून सांगतो.

मग शहराच्या आर्थिक विकासाचे नवे धोरण आले. सार्वजनिक जागा यापुढे रोजगार देणाऱ्या उपक्रमांनाच मिळतील, असे ठरले. एक तरुण अधिकारी पाहणीला आले. बोलायला सभ्य होते.

"मॅडम, प्लेसमेंट किती झाल्या?"

"माणसं घराबाहेर पडतात. ते धरता का तुम्ही?"

"तसा कॉलम नाहीये ना, मॅडम."

आमच्या समितीची बैठक झाली. टीचर म्हणाल्या, "जागा जाऊ दे. कुठेही बसू." मी म्हणालो, "जागाच गेली तर मंडळ कसलं, टीचर? थोडं जुळवून घेऊ." मतदान झाले. टीचर सोडून सगळ्यांनी माझ्या बाजूने हात वर केले. हायवेलगतच्या गोदामांसाठी पॅकिंगचे प्रशिक्षण द्यायचे ठरले, आणि ज्यांना ते झेपणार नाही त्यांची नावे 'अपात्र' म्हणून वगळायची.

त्या यादीत पहिले नाव विनायक यांचे होते. चाळिशीचे विनायक रोज आईबरोबर खडवलीहून यायचे, खिडकीपाशी बसून मटार सोलायचे, बोलायचे नाहीत. यादी मी लिहिली, वाचूनही मीच दाखवली.

"साहेब, तो कुणाला त्रास देतो का हो?" त्यांच्या आईने विचारले.

"नाही."

"मग?"

"नियम आहे," मी म्हणालो. माझ्या बहिणीला याच खोलीत वर्षभर बसू दिले होते, हे मला त्या क्षणी आठवत होते. तरीही म्हणालो.

टीचर त्या मायलेकांना स्टेशनपर्यंत सोडायला गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचा राजीनामा आला.

आमची भरभराट झाली. अहवालात फोटो छापून आले. दोन वर्षांनी एका मोठ्या कंपनीच्या संस्थेने आमच्याहून अधिक प्लेसमेंट दाखवल्या आणि जागा तिला मिळाली. मंडळही गेले, जागाही गेली.

आज टीचरांच्या पंचाहत्तरीनिमित्त हा ग्रंथ निघतो आहे. त्याचे संपादक मंडळ म्हणजे त्या दिवशी हात वर केलेले आम्हीच. हा लेख लिहायचा मला संकोच होता, म्हणून टीचरांनाच विचारले. त्या म्हणाल्या, "लिहा ना. फक्त विनायकचं नाव गाळू नका." नाव गाळलेले नाही.

विनायक आता खोलीबाहेर येत नाहीत. आईलाही दार उघडत नाहीत. ताट दाराशी ठेवावे लागते. टीचर दर गुरुवारी खडवलीला जातात आणि त्या बंद दाराबाहेर खुर्ची टाकून तासन्‌तास बसतात. एकदा मी सोबत गेलो होतो. बऱ्याच वेळाने आतून कडी हलल्याचा आवाज आला. दार उघडले नाही.

"ऐकलंत?" टीचर म्हणाल्या. "आज दारापर्यंत आला."

परतताना स्टेशनचा जिना त्या कठडा धरून, एकेका पायरीवर थांबत चढल्या. संपादक मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी विचारले, टीचरांना जमेनासे झाले तर खडवलीला कोण जाईल? या वेळी एकही हात वर झाला नाही. माझाही नाही.

म्हणून टीचरांना उदंड आयुष्य आणि धड गुडघे लाभोत, एवढेच मागतो. आमच्या भरवशावर त्यांनी एकही गुरुवार सोडू नये.